थोरलीला दोनच गुण

या, असे जवळ सरकून बसा. सांगायची आहे ती गोष्ट घामाची, पण नाक मुरडू नका. घाम देवानंच दिलाय. एखाद्याला मात्र माप सोडून देतो.

एका घरात दोन जावा. थोरली कपडे शिवायची, धाकटी तिकीट-खिडकीवर बसायची. दोघींच्याही काखा बारा महिने ओल्या. गिऱ्हाइकाच्या खांद्याला टेप लावायला हात उचलला, की थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सरकारी दवाखान्यात यावर काखेत इंजेक्शनं मिळत. नियम एवढाच, की मलमानं फरक पडलेला नसावा आणि त्रासाला चारपैकी तीन गुण तरी पडावेत. दोघी एकाच दिवशी गेल्या. धाकटीला मंजुरी मिळाली, थोरलीला दोनच गुण!

पंधरा दिवसांत धाकटी फिकट निळा ब्लाउज घालून घरभर मिरवू लागली. वरच्या फळीवरचा डबा काढायलाही तीच पुढे. थोरलीच्या अंगाचा तिळपापड होई. "गोड बोलून गुंडाळलं असेल डॉक्टरीणबाईंना," असं ती शिलाई मशीनला ऐकवी. मशीन बिचारं खडखडून हो म्हणे.

एके दुपारी धाकटी दोन कापडी पट्ट्या घेऊन आली.

"ताई, घाम टिपायला तुम्हीच शिवून दिल्या होत्या. मला आता नकोत."

"हिणवायला आलीस?"

"नाही हो! दवाखान्यात तुम्ही असल्याच पट्ट्या लावून गेला होतात?"

"मग काय, मोठ्या माणसांपुढे ओली जाऊ?"

"आणि त्रास किती विचारल्यावर?"

"म्हटलं, घेते चालवून."

धाकटीनं कपाळावर हात मारला. "अहो, घाम दाखवायला गेला होतात की शिलाई?"

थोरलीला हसू आलं नाही. पण पुढच्या तपासणीला ती पट्ट्यांशिवाय गेली. बाकावर बसल्या बसल्या ब्लाउज कमरेपर्यंत भिजला. माणसं वळून बघू लागली. धाकटीनं आपली शाल पुढे केली.

"राहू दे," थोरली म्हणाली. "आज दिसू दे."

आत गेल्यावर ती स्पष्ट बोलली, "बाई, मापं घेणं सोडायची वेळ आलीय. नाही सहन होत."

बाहेर आली ती कागद नाचवतच.

"मंजूर! तुला किती पडले होते गं?"

"तीन."

"मला चार!"

मत्सर असा एका दिवसात मरतो थोडाच! धाकटी मात्र खळखळून हसली, "पैकीच्या पैकी, ताई!" आणि तिनं टाळीसाठी हात पुढे केला.

देवापुढे हात जोडाल, तेव्हा दुसरीला आपल्याहून जास्त मिळालं म्हणून टाळी देणाऱ्या त्या धाकटीची आठवण ठेवा.