बाण लागलेला बगळा

मी एक बगळा बोलतोय. मासे खाणारा नव्हे, एका लॉन्ड्रीच्या पाटीवरचा. माझ्या पाठीत बाण रुतलेला दिसतोय ना? त्याचीच ही हकिकत आहे, आणि शिकारी मात्र तिच्यात कुणीच नाही.

माझा जन्म लॉन्ड्रीवाल्याच्या लेकीच्या संगणकावर झाला. आम्हा व्हेक्टर मंडळींची जात वेगळी. फोटोसारखे आम्ही ठिपक्यांचे बनत नाही. मोजके बिंदू, आणि एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत रेघेनं कसं वळायचं याचं गणित, एवढंच आमचं अंग. त्यामुळे मला शर्टाच्या बटणाएवढा करा नाहीतर इमारतीएवढा, माझी कड जराही फाटत नाही. या गुणाचा मला भारी गर्व होता.

लेकीनं माझ्या मानेत फार जीव ओतला. बाबा इस्त्री करताना कसे वाकतात ते ती दुकानात बसून बघायची, आणि घरी येऊन माझी रेघ थोडी थोडी सरकवायची. बाबांना तिचं हे शिक्षण म्हणजे नुसता टाइमपास वाटे. एकदा तरी त्यांनी आपलं काम नीट बघावं, एवढीच तिची इच्छा होती. आणि आता तर त्यांच्याच दुकानाची पाटी व्हायची होती.

तिनं मला बाबांच्या फोनवर धाडलं. फोनला काही मला उघडता येईना.

"अगं, फाइल खराब आहे तुझी."

"खराब नाही हो बाबा. तशीच बोर्डवाल्याला पुढे पाठवा. उघडायची नाही."

न बघता वस्तू पुढे सरकवायची, हे लॉन्ड्रीवाल्याला कसं पटावं? खिसे तपासल्याशिवाय त्यानं कधी कुणाची पँट पाण्यात टाकलेली नाही. लेक आंघोळीला गेली तेव्हा बाबांनी तिच्या संगणकाच्या पडद्याचाच फोटो काढला आणि दिला धाडून.

फोटोत मी होतो, आणि माझ्या पाठीवर टेकलेला माउसचा बाणही होता. बोर्डवाल्यानं इमानेइतबारे दोघांनाही दरवाजाएवढं केलं. फोटोतले ठिपके फुगले आणि माझ्या सुबक मानेचा पार जिना झाला.

"झकास दिसतोय," पाटीखाली उभे राहून बाबा म्हणाले. "पण तो बाण कशाला काढलास गं?"

लेकीला रडू आलं. त्यानंतर ती दुकानाकडे फिरकेनाशी झाली.

गिऱ्हाइकांचं भलतंच. "बाणवाल्याकडे टाकलेत कपडे," असं ती एकमेकांना सांगू लागली. शेजारच्या शिंप्यानं बाणाचा अर्थही लावून दिला: डागावर अचूक नेम. बाबांनी तो स्वतःचाच म्हणून खपवला. मी अख्खा बगळा मात्र कुणाच्या खिजगणतीत नव्हतो.

धंदा वाढला, दुसरं दुकान घेतलं. बाबा लेकीच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "या वेळी तूच पाठव. मी हात लावत नाही."

तिनं मला उघडलं आणि मोठं करत नेलं. पडदाभर नुसती मान उरली, तरी कड गुळगुळीत. बाबांनी चष्मा सारखा केला.

"ही मान... मी वाकतो तशी आहे का गं?"

"तुमचीच आहे."

ते पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, "आणि मी तिची पार वाट लावली."

मला भरून आलं. उशिरा का होईना, न्याय मिळाला म्हणायचा.

"फार छान आहे," बाबा म्हणाले आणि जरा घुटमळले. "फक्त तो बाण तेवढा राहू दे. लोक त्यालाच ओळखतात."

लेक इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. मग नवे बिंदू मांडून, अगदी मन लावून, तिनं माझ्या पाठीवर बाण रेखाटला.

तेव्हा मंडळी, एवढीच विनवणी. आमची फाइल उघडली नाही म्हणून ती बिघडली असं समजू नका, आणि पडद्याचा फोटो तर मुळीच काढू नका. माझं जे व्हायचं ते झालं. आता मला कितीही मोठं करा, बाणही माझ्याबरोबर तेवढाच वाढतो, आणि कुठेही फाटत नाही.