कुसुनोकीसान यांचा निरोपसमारंभ

माणसाची खरी ओळख त्याच्या निष्ठेवरून होते. नाव, हुद्दा, रक्तगट हा सगळा कार्यालयीन तपशील. आमच्या कचेरीतले कुसुनोकीसान असे निष्ठावंत होते. त्यांची निष्ठा सेतो ऑक्टोपस या बेसबॉल संघावर होती. सहा संघांच्या स्पर्धेत ऑक्टोपस दरवर्षी सहावा येतो. सातवा संघ नाही म्हणून.

आमची कंपनी ताकामात्सुमध्ये जेवणाच्या डब्यांची झाकणं बनवते. डबे दुसरं कोणीतरी बनवतं. हिशेब विभागात कुसुनोकीसान माझ्या समोर बसतात. दुपारच्या सुट्टीत ते उभ्याउभ्या उदोन शेवयांचा वाडगा रिकामा करतात आणि बंदराच्या धक्क्यावर जाऊन समुद्राकडे तोंड करून ट्रम्पेट वाजवतात. घरी सोय नाही. भिंती पातळ आणि शेजारी सभ्य. म्हणजे तोंडावर काही बोलणार नाहीत, घरमालकाला कळवतील. एकदा एका फेरीबोटीने उलट भोंगा दिला. ती दाद होती असं कुसुनोकीसान आजही मानतात.

ऑक्टोपसच्या चाहत्यांचं एक वाद्यपथक आहे. प्रत्येक फलंदाजाची स्वतःची धून असते. तो खेळायला उभा राहिला की ती सुरू करायची आणि त्याची पाळी संपेपर्यंत वाजवायची. आमच्या फलंदाजांमुळे पथकाला सहसा दम लागत नाही. कुसुनोकीसान या पथकात तीन मोसम होते आणि तिन्ही मोसम त्यांनी झेंड्यांच्या घड्या घातल्या होत्या. मग एका रविवारी पथकाचे प्रमुख निशिहारासान यांचा फोन आला. निशिहारासान मासे विकतात, त्यामुळे फोनवरही ओरडूनच बोलतात.

"कुसुनोकी! आपल्या ट्रम्पेटवाल्याची दाढ काढलीय. शनिवारी सेंदाईला सामना. कामेईची धून तू वाजवायची. एकट्याने!"

कामेई हा आमचा म्हातारा बदली फलंदाज. हरत आलेल्या सामन्यात शेवटी त्याला एकदा पाठवतात, म्हणजे जवळपास रोजच पाठवतात.

"एकट्याने?"

"एकट्याने. पण शुक्रवारी संध्याकाळी तिथे सराव आहे. सरावाला जो नाही, तो शनिवारी झेंडे धरेल. आणि पुढच्या आठवड्यात दाढवाला परत येतोय, हे लक्षात ठेव."

ताकामात्सुहून सेंदाईला सरावाच्या वेळी पोचायचं तर शुक्रवारी दुपारी एकची गाडी गाठायलाच हवी. म्हणजे अर्धी रजा. सोमवारी कुसुनोकीसान विभागप्रमुख वाकेबेसाहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, शुक्रवारी दुपारनंतर जरा..."

"जरा?"

"खासगी."

"हं. बरं."

आमच्याकडे खासगी म्हटलं की पुढे विचारत नाहीत. त्या न विचारण्याला आम्ही सौजन्य म्हणतो आणि उरलेला दिवस तर्क करण्यात घालवतो. तरीही प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण कुसुनोकीसान आनंदाने हवेत होते आणि हवेतल्या माणसाला रीतिरिवाज नीट दिसत नाहीत. मंगळवारी सकाळी त्यांनी मिठाईचा मोठा डबा आणला. एकेक तुकडा वेगळ्या कागदात. प्रत्येक टेबलापाशी जाऊन, दोन्ही हातांनी देत, कमरेत वाकून ते म्हणाले, "आजवर फार त्रास दिला. सांभाळून घेतलंत, आभारी आहे."

आता मिठाई आम्ही सगळेच वाटतो, पण प्रवासाहून परत आल्यावर. जाण्याआधी वाटणारा माणूस एकच: जो परत येणार नसतो.

पलीकडच्या टेबलावरच्या होनजोबाई पाण्याच्या यंत्रापाशी मला गाठून म्हणाल्या, "ओत्सुबोसान, पाहिलंत? तांबड्या चवळीच्या सारणाची मिठाई. महागातली."

"पाहिली."

"म्हणजे झालंच. नोकरी सोडतायत."

"विचारा की त्यांना."

"मी? छे! माणूस नोकरी सोडतोय आणि तोंडावर विचारायचं? तुम्ही विचारा, तुम्ही समोर बसता."

"समोर बसतो म्हणूनच विचारता येत नाही."

होनजोबाई साहेबांकडे गेल्या. "साहेब, आपले कुसुनोकीसान..."

"मला माहीत आहे," साहेब म्हणाले. ज्याला काही माहीत नसतं तोच इतक्या झटक्यात बोलतो. राजीनामा त्यांच्याकडे आला नव्हता, अर्थात तो थेट संचालकांकडे गेला, असा हिशेब त्यांनी मांडला. हा अपमान होता. अपमान गिळण्याची साहेबांची एक पद्धत आहे: खर्च करणं. "निरोप असा द्या," ते म्हणाले, "की वरच्या मजल्यावर ऐकू गेला पाहिजे."

बुधवारी कुसुनोकीसान स्वतःहून माझ्याशी बोलले.

"ओत्सुबोसान, शुक्रवारनंतर मी तो माणूस राहणार नाही."

"समजतंय मला."

"बायको म्हणते, या वयात कशाला?"

"वयाचं काय? हिंमत लागते."

"ओठ लागतात," ते म्हणाले.

ते मी गहन समजून सोडून दिलं.

शुक्रवारी दुपारी बाराला सगळे सभागृहात जमलो. फुलांचा गुच्छ होनजोबाईंपेक्षा रुंद होता. एका चौकोनी जाड पुठ्ठ्यावर सगळ्यांनी गोलाकार संदेश लिहिले होते. "नव्या वाटचालीस शुभेच्छा." "तुमच्याविना मार्च महिना कसा जाईल?" "प्रकृती जपा." कुसुनोकीसान पाठीवर बॅग, हातात ट्रम्पेटची पेटी अशा तयारीत आले, पुठ्ठा वाचला आणि त्यांचे डोळे भरून आले. शनिवारची बातमी मासेबाजारातून इथवर पोचली, एवढाच अर्थ त्यांनी काढला.

"इतकं कशाला केलंत!" ते म्हणाले. "फक्त एका धुनेसाठी!"

हेही आम्ही गहन समजलो.

साहेबांनी भाषणाला कंपनीच्या स्थापनेपासून सुरुवात केली. पहिलं झाकण कसं बसलं नाही, हे झालं. तेलाचे भाव झाले. कुसुनोकीसान घड्याळाकडे बघत होते आणि प्रत्येक वेळी बघताना वाकून माफी मागत होते. साहेबांना ती नम्रता वाटली, म्हणून त्यांनी आणखी एक दशक वाढवलं. शेवटी कोणीतरी म्हणालं, "कुसुनोकीसान, दोन शब्द!"

"शब्द नकोत," ते म्हणाले आणि पेटी उघडली.

ट्रम्पेट मी लांबून ऐकलं होतं, मधे समुद्र असताना. बंद खोलीत ते वेगळंच प्रकरण निघालं. खिडक्या थरथरल्या. धून सोपी होती, पण सरळ छातीत शिरणारी, चल उठ म्हणणारी. होनजोबाई हमसाहमशी रडू लागल्या. साहेबांनी चष्मा पुसला. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली, आणि साहेबांच्या चेहऱ्यावर आठवड्यातलं पहिलं समाधान उमटलं.

कुसुनोकीसान ट्रम्पेट पुसून पेटीत ठेवत म्हणाले, "निघतो. सोमवारी भेटूच."



"सोमवारी?" साहेब.

"हो साहेब. तिमाहीचा हिशेब आहे ना?"

"आणि आत्ता कुठे निघालात?"

"सेंदाईला. ऑक्टोपसचा सामना. कामेईची धून मी वाजवणार... तुम्हाला माहीत आहे ना सगळं?"

"मला माहीत आहे," साहेब म्हणाले.

होनजोबाईंनी गुच्छ किंचित मागे ओढला. पण दिलेली फुलं परत घेण्याची पद्धत अजून निघालेली नाही. साहेबांकडे आम्ही सगळे बघत होतो. ते बराच वेळ पुठ्ठ्याकडे बघत होते. मग त्यांचा खांदा हलला, मग दुसरा. साहेब हसत होते. अकरा वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं, आणि ते सुरू झाल्यावर थांबवायचं कसं हे त्यांनाही ठाऊक नसावं.

"अहो, गाडी!" होनजोबाई किंचाळल्या.

मग अख्खा हिशेब विभाग जिन्यावरून धावला. साहेबांचा टाय खांद्यावर, बगलेत ट्रम्पेटची पेटी. "बाजूला व्हा! कलाकार आहेत!" असं ते वाटेत दिसेल त्याला सांगत होते, एका पोलिसाने त्यांना सलाम केला. होनजोबाई गुच्छ मशालीसारखा धरून सगळ्यात पुढे. फुलं गळत होती, मागून येणारे ती वेचत होते, कारण रस्त्यावर कचरा टाकायचा नसतो. स्टेशनवर गाडीची घंटा वाजत होती. कुसुनोकीसानना आत ढकललं, पेटी ढकलली, पुठ्ठा ढकलला.

"ओत्सुबो, तुम्हीही चढा!" साहेब ओरडले.

"मी? साहेब, माझ्याकडे दात घासायचा ब्रशसुद्धा नाही!"

"कचेरीचा प्रतिनिधी पाहिजे. आणि सोमवारी यांना परत आणा!"

दार लागलं. फलाटावर सगळ्यांनी हात वर करून तीनदा जयजयकार केला. डब्यातल्या एका आजीबाईंनी आमच्यातल्या एकाला नवरदेव समजून संत्रं दिलं.

सरावाला पोचलो. निशिहारासान म्हणाले, "वाजव." कुसुनोकीसाननी वाजवलं. निशिहारासान म्हणाले, "हं." मासेवाल्याच्या तोंडून ही मोठीच स्तुती आहे.

शनिवारी सेंदाईला ऊन होतं. आम्ही पुठ्ठा कठड्याला टांगला. सामना पहिल्या तासातच हरल्यासारखा झाला आणि त्यामुळे कुसुनोकीसान खुशीत होते. आठव्या डावापासून ते ओठ ओले करत होते. मलाही काय झालं होतं कोण जाणे, अनोळखी लोकांच्या गळ्यात हात टाकून मी ओरडत होतो. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात, शून्य विरुद्ध अकरा अशा अवस्थेत, कामेईचं नाव पुकारलं गेलं. निशिहारासाननी ढोल थांबवला आणि मान हलवली. कुसुनोकीसान उभे राहिले, ट्रम्पेट आभाळाकडे केलं आणि सुरुवात केली. सूर स्वच्छ लागला. आसपासचे विरुद्ध बाजूचे लोकही वळून बघू लागले.

पहिलाच चेंडू कामेईच्या कोपराला लागला. चेंडू लागला की फलंदाजाला न खेळताच बेस, म्हणजे पुढचा टप्पा मिळतो, त्याची पाळी तिथेच संपते आणि धून थांबवायची असते. ती पाचव्या सुरापर्यंत आली होती.