ज्वालामुखीच्या गावात मांडलेला पाट

मी सीमंतिनीचा पाट बोलतोय. जन्म ग्वाल्हेरचा, जयेंद्रगंजातल्या सुताराकडचा, आणि अस्सल सागवान बरं का! राजलक्ष्मीबाईंनी मला लेकीच्या बारशाला घेतलं. पुढे हरिशंकरपुरमच्या घरात डायनिंग टेबल आलं आणि माझी रवानगी फ्रिजमागे झाली. किती वर्षं धूळ खाल्ली, विचारूच नका.

हीच लेक, सीमंतिनी, ज्वालामुखीची शास्त्रज्ञ झाली. अशा डोंगराच्या पायथ्याशी माणसं कशी राहतात, हा तिचा अभ्यास. जावा बेटावर निघताना तिने मला बॅगेत कोंबलं.

"लोक कॅमेरा नेतात, आणि तू पाट?" राजलक्ष्मीबाई हसल्या.

"आई, तिथे बायका बुटक्या पाटावर बसून दूध काढतात. मी खुर्चीवर बसले तर माझ्याशी कोण बात करेल?"

खरंच होतं तिचं. तिथले सरकारी साहेब गावकऱ्यांकडून उभ्याउभ्या फॉर्म भरून घेत. डोंगर फुटायचा भोंगा वाजला तर गाव सोडाल? सगळे म्हणत, हो. झालं, साहेब खूश. सीमंतिनी मात्र माझ्यावर बसून गावातल्या सरीबाईच्या गोठ्यात महिनाभर तिच्याच भाषेत गप्पा मारत राहिली. एके दिवशी धार काढता काढता सरीबाई सहज म्हणाली, "जाईन ना. पण संध्याकाळी परत येईन. गाईला कोण बघणार?"

सीमंतिनी गारच पडली. मागच्या खेपेला डोंगर फुटला तेव्हा अशीच गुरांसाठी परतलेली अकरा माणसं राखेखाली गेली होती.

मग ती हट्टालाच पेटली. गाईंनाही ट्रक द्या, खाली गोठे बांधा. साहेब हसले. दोन वर्षं तिने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे गोठे उभे राहिले.

गेल्या महिन्यात डोंगर फुटला. सीमंतिनी तेव्हा मला घेऊन ग्वाल्हेरला घरी आली होती. सकाळपासून सरीबाईला फोन लागेना. जेवणाचं ताट तसंच ठेवून ती माझ्यावर बसून राहिली. जीव नुसता टांगणीला लागला होता आमचा. चारच्या सुमाराला सरीबाईचा फोन आला. मागे गाय हंबरत होती.

"गाव रिकामं आहे," सरीबाई म्हणाली. "परत कुणीच गेलं नाही."

सीमंतिनी रडता रडता हसायला लागली. "आई, सगळे निकल गए. गाईंसकट."

आनंदाने मी फुटायचाच बाकी होतो! आणि काल काय झालं, सांगू? त्याच साहेबांनी आपल्या माणसांसाठी चाळीस पाट मागवलेत. माझे चाळीस भाऊ निघालेत, मंडळी. साहेबांना एवढंच सांगणं आहे, आधी बसा, मग विचारा.