उंड्याच्या गुडघ्याची वाटी

पितृपक्षाचे पंधरा दिवस कोरगावात कावळ्याला आणि कुत्र्याला जो मान मिळतो, तो जावयालाही मिळत नाही. एरवी ज्याच्या पेकाटात लाथ बसते, त्याच कुत्र्यापुढे केळीच्या पानावर वडे, खीर, अळूची भाजी मांडून माणसं हात जोडून उभी राहतात. रोज कुणाकडे तरी म्हाळ, रोज पान. अमावास्या जवळ आली की गावची कुत्री खाऊन खाऊन इतकी माजतात की वड्याकडे ढुंकून बघत नाहीत. ज्यांच्या घरचा म्हाळ शेवटी शेवटी येतो, त्यांची मोठी पंचाईत होते.

उषाच्या बाबांचा, महादेव पोस्टमनचा म्हाळ नेमका त्रयोदशीला आला. पहिलाच म्हाळ. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. जन्मभर गावच्या कुत्र्यांना भिऊन सायकल हाणलेला हा माणूस रिटायर झाल्यावर एका वीतभर कुत्र्याच्या नादी लागला. पांढरं, केसाळ, पाववाल्या पोदेराच्या टोपलीतल्या उंड्यासारखं गोल पिल्लू, म्हणून नावही उंडोच ठेवलं.

उंड्याच्या मागच्या डाव्या पायात लहानपणापासून खोट होती. चालता चालता गुडघ्याची वाटी आतल्या बाजूला सरकायची, पाय वर उचलला जायचा, चार पावलं लंगडी घातली की वाटी पुन्हा जागेवर यायची. शेजारची पोरं टाळ्या पिटायची, "उंडो नाचता, उंडो नाचता!" बाबा खवळायचे. "नाचता कसलो, मेल्यांनो! दुखता ताका." आणि त्याला मांडीवर घेऊन अंगठ्याने हळूच वाटी बसवून द्यायचे. अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी उषाकडे ना जमिनीची गोष्ट काढली, ना तिच्या राहून गेलेल्या लग्नाची. "उंड्याच्या पायाचा बघ," एवढंच म्हणाले. दुसरं काही मागितलं नाही.

तिने बघितलं, पण उशिरा. वर्षभर आज करू, उद्या करू. शेवटी यंदा पावसात वाटी एकदा सरकली ती परत यायलाच तयार होईना. तेव्हा कुठे ती म्हापशाच्या डॉक्टरकडे गेली. वाटी ज्या खाचेत बसते ती जन्मापासूनच उथळ आहे, लहान जातीच्या कुत्र्यांत हे फार, असं त्याने सांगितलं. चवथीचा गणपती पोचवला आणि ऑपरेशन झालं. खाच खोल केली, खालच्या हाडाचा उंचवटा थोडा सरकवून पिनेने ठोकला.

"कुत्र्याक ऑपरेशन? येडी आसस काय गो?" फोंड्याहून भाऊ दीपक फोनवर हसला.

उषा शाळेत क्लार्क. शिल्लक होती नव्हती ती सगळी रजा तिने टाकली. बाहेरच्या खोलीत पिंजरा मांडला. सहा आठवडे उडी नाही, पायरी नाही, पळणं नाही. पोटाखालून पट्टा धरून अंगणात न्यायचं, शू झाली की परत आत. उंडो पिंजऱ्याच्या गजांवर नाक घासून कुंई कुंई करायचा आणि आई पदराला डोळे पुसायची. "मुक्या जनावराक बंदिखान्यात घातलंस गो. पाप लागतला."

"लागूं दे माका," उषा म्हणायची.

एकविसाव्या दिवशी उंड्याने डावा पाय जमिनीला टेकला. चांगला टेकला, पूर्ण भार देऊन, आणि बारा पावलं चालला. उषाने मोजली. तिथेच अंगणात फतकल मारून बसली आणि रडली, खुशीने. बाबा गेले तेव्हाही ती एवढी रडली नव्हती. डॉक्टर फोनवर म्हणाला, "छान. पण हाड अजून कच्चं आहे. आणखी तीन आठवडे एक उडीसुद्धा नको." तिने आईला हे तीनदा सांगितलं.

मग आला त्रयोदशीचा दिवस. उषा पहाटेपासून चुलीपाशी. दीपक नऊ वाजता गाडीतून उतरला, सोवळं नेसला आणि भटजींसमोर पाटावर बसला. बाबांच्या दोन वर्षांच्या आजारात तो तीनदा येऊन गेला होता, त्यातही दोनदा घाईत. पण पिंड द्यायला मुलगा लागतो. गू-मूत काढायला मुलगी चालते. उषा वडे तळत होती आणि मनातल्या मनात हे तळतळून म्हणत होती. तोंडाने मात्र विचारलं, "दादा, च्या घेतलस?"

कावळा लगेच शिवला. आईने सुटकेचा श्वास सोडला. गायही जेवली. राहिला कुत्रा. त्याचं पान अंगणात फाटकाजवळ मांडलं होतं. एक काळा कुत्रा डुलत डुलत आला, वडा हुंगला, फाटकाच्या खांबावर पाय वर केला आणि निघून गेला.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "तेंचा कायतरी ऱ्हवलां," ती पुटपुटली. "तेंचो जीव कशाततरी अडकलो आसा."

"कशात नाय अडकूक. कुत्र्याचा पोट भरलां," उषा म्हणाली. पण आईला ते पटेल तर ना! भटजींना पुढचं घर होतं. "कुत्रो जेवल्याबगर कोणी पान घेवं नका," असं बजावून त्यांनी स्कूटरला किक मारली. एक वाजला. दीड वाजला. पानावर माशा बसायला लागल्या. दीपकला भूक अनावर झाली होती, शिवाय चारला फोंड्यात कसलीशी मीटिंग.

"घरात कुत्रो आसताना भायल्या कुत्र्याची वाट कित्याक बघूची?" तो पिंजऱ्याकडे बघत म्हणाला.

उषा मधे येऊन उभी राहिली. "ताका हात लावचो नाय, दादा. हाड कच्चा आसा. माका अर्धो तास दी, मी कुत्रो घेवन येतंय."

आणि ती खरंच गेली. ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा घेऊन, भर उन्हात. एकोणपन्नास वर्षांची बाई, अंगावर म्हाळाची कोरी साडी, आणि तिठ्यावर उभी राहून "यो, यो, यो" करतेय. बसच्या शेडमध्ये पाच कुत्री तंगड्या पसरून पडली होती. त्यांनी एक डोळा उघडला आणि मिटला. रिक्षावाला सगुण हसला. "उषाताय, म्हाळ काय? आज तेंका आमंत्रण देवन बोलवक व्हया!" शेवटी एक बरगड्या निघालेली तांबडी कुत्री बिस्किटाच्या मागे मागे चालायला लागली. दहा पावलं गेली की बसायची. उषा हात जोडायची, पुन्हा बिस्कीट टाकायची. कुत्री अंगणात पोचली की सुटले, असा उषाचा हिशोब.

घराच्या वळणावर तिला किंकाळी ऐकू आली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. हातातला पुडा तिथेच टाकून ती धावली.

पिंजऱ्याचं दार सताड उघडं होतं. उंडो फाटकाजवळ पानाशी उभा होता, तीन पायांवर. डावा पाय चिंधीसारखा लोंबत होता आणि तो लपालपा खीर खात होता. बिचाऱ्याने तीन आठवड्यांत दुधभाताशिवाय काही पाहिलं नव्हतं. दीपक मोबाईल समोर धरून शूटिंग करत होता. आई हात जोडून उभी, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"बघ गो, बाबा जेवले!" दीपक म्हणाला.

"पिंजरो कोणी उघडलो?"

"आईनच. मी फकत म्हटलंय. पायऱ्यांवरसून कसली उडी मारल्यान म्हणतंस! येकदम खुशीत."

उषाने उंड्याला पदरात घेतलं, सगुणच्या रिक्षात बसली आणि म्हापसा गाठलं. वाटेत रस्त्यातला प्रत्येक खड्डा तो कण्हून सांगत होता आणि ती त्याच्या कानात नुसतं "सॉरी रे, सॉरी रे" म्हणत होती.

डॉक्टरने एक्स-रे उजेडावर धरला. पीन वाकली होती, हाडाचा तुकडा ओढून निघाला होता, वाटी पुन्हा आत. "परत उघडावं लागेल," तो म्हणाला. "पण आता तो आधीसारखा चालेल असं मी सांगणार नाही. गुडघा बहुतेक आखडलेलाच राहील." मग चिडून विचारलं, "सोडला कुणी त्याला? मी एवढं बजावलं होतं!"

"आमचे बाबा जेवायचे राहिले होते," उषा म्हणाली. डॉक्टरला काही कळलं नाही. तिनेही समजावलं नाही.

तोपर्यंत दीपक जेवून गेला होता. नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याने व्हिडिओ टाकला, खाली लिहिलं, 'बाबांनी स्वीकारलं.' मावश्या, आत्या, चुलत भावंडं, सगळ्यांचे जोडलेले हात एकाखाली एक येत राहिले. भाग्यवान मुलगा, असंही कुणीतरी लिहिलं. उषाने फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

चौथ्या दिवशी ती उंड्याला घेऊन घरी आली. आई दारातच उभी होती. दीड वर्षात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर तजेला दिसत होता, जेवणही जात होतं, झोपही लागत होती.

"काय म्हणालो डॉक्टर?"

"पाय गेलो. आता तो तीन पायांवरच चालतलो."

खाली बसून आईने उंड्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग हळूच, स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणाली, "पण तो जेवलो मगे गो. तुझो बापूय जेवलो."

"बाबांनी मराच्या आदी माझ्याकडे येकच गोष्ट मागलेली, आई. येकच. ती तुमी दोगांनी मिळान मोडलास. आनी वर म्हणतास जेवलो! कसलो जेवता तो?"

"माका काय म्हायत होता गो? माका वाटला, तेंची भूक..."

उषाने उंड्याला पिंजऱ्यात ठेवलं, खाली मऊ गोधडी सारखी केली. पिशवीतून म्हापशाच्या बाजारात घेतलेलं नवंकोरं कुलूप काढलं आणि दाराला अडकवून दाबलं. आई बघत राहिली.

"माझ्यार इस्वास नाय तुझो?"

उषाने किल्ली ब्लाऊजमध्ये खोचली. "नाय," ती म्हणाली.