सकाळचा एक कप

नांदुऱ्याच्या पेठेत रहेमतुल्ला शिंप्याची दोन कामं दिवसभर चालू असत: शिवणाची मशीन आणि कॉफी. रेल्वेवाल्यांचे कपडे शिवता शिवता एका मद्रासी गार्डानं त्याला ही चटक लावली, आणि बदली झाली तेव्हा आपलं पितळेचं गाळणंही देऊन गेला. भला माणूस, पण जाता जाता घराला घोर लावून गेला. ईद जवळ आली की रहेमतुल्लाला जेवणाची शुद्ध नसे. त्याच्या बायकोनं, अमीनानं, चुलीवरचं आधण मात्र उतरवायचं नाही.

मग त्याची झोप उडाली. छातीत धडधड सुरू झाली. एके दिवशी सुईत दोराच ओवेना, हात लटलटा कापत होते. शिंप्याचे हात कापायला लागले तर उरलं काय? अमीनानं भाऊ हैदरला बैलांची धमणी जुंपायला लावली आणि नवऱ्याला दवाखान्यात नेलं. हैदर बैलांपाशी थांबला. ती पडदानशीन, धमणीतच पडदा ओढून बसली. आतून डॉक्टरांचा चढलेला आवाज तेवढा कानावर आला, "ही कॉफी जीव घेईल तुमचा!" पुढचं बोलणं हळू झालं.

रहेमतुल्ला धमणीत येऊन बसला. "सकायचा एक कप चालते म्हनले डाक्टर. बाकी बंद."

"मी माह्या कानानं आयकलं," अमीना म्हणाली. "मले नका शिकवू."

घरी येताच तिनं गाळणं ज्वारीच्या कणगीत खोल पुरलं. रहेमतुल्लाचं डोकं ठणकायचं. फडकं आवळून तो मशीनवर बसायचा. अमीनाला वाटे, विष उतरतंय. आणि खरंच हात थांबले, झोप लागू लागली. त्यानं तिच्यासाठी हिरव्या छिटाचा कुर्ता बेतायला घेतला. पण सकाळ झाली की हा बाबा चुलीपाशी हजर.

"अमीना, अल्लाची कसम, एक कप चालते मले."

"कपापाई खोटी कसम खाता? लाज नाई वाटत?"

तो उठून मशीनवर जाऊन बसला. पुन्हा त्यानं कधी मागितली नाही. त्याच आठवड्यात, भर दुपारी, हिरव्या कुर्त्याला बाही लावता लावता तो मशीनवरच कलंडला.

चाळिसाव्याला फातेहाच्या ताटात मयताच्या आवडीचं ठेवायची रीत. अमीनानं कणगीत हात घालून गाळणं काढलं, कॉफी केली, कप ताटात ठेवला. डॉक्टरही आले होते, ओसरीवर हैदरशी बोलत होते. मधे पडदा होता, पण या खेपेला शब्द न शब्द ऐकू येत होता.

"हृदय आधीच थकलेलं होतं. फार दिवस नव्हते, हे मी त्यांना सांगितलं नाही. म्हणूनच सकाळचा एक कप राहू दिला. तेवढंच सुख. घेत होते ना?"

हैदरनं पडद्याकडे पाहिलं.

"हाव," तो म्हणाला. "घेत होते."

अमीनाचं काळीज फाटलं. कोणत्या तोंडानं तिनं त्याला खोटं ठरवलं होतं! फातेहा झाली, ताटातलं वाटलं गेलं. कप कुणी उचलेना, तो तिच्याच वाट्याला आला. जन्मात कॉफी न चाखलेल्या त्या बाईनं ती थंडगार, कडू कॉफी ओढणीआड घोट घोट संपवली. मशीनवर एका बाहीचा हिरवा कुर्ता तसाच पडून होता.

"खरं बोलून राह्यले होते तुमी," ती त्याला म्हणाली. "खरं बोलून राह्यले होते."