कर उठेपर्यंत

जीपच्या मागच्या फळीवर पिवळ्या रंगात 'रविना' लिहिलं होतं. ऊन तिरपं पडलं की त्याच्याखालून जुनं 'गोकुळ' उमटून येई; रंगाचा एकच हात दिलेला होता. रोज सकाळी मोखाड्याच्या स्टँडवर ते नजरेला पडलं की जयवंती मान वळवी आणि पुढच्या सीटवर बसून सूर्यमाळच्या शाळेत विज्ञान शिकवायला जाई.

जीप चालवणारा माघ्या तिच्याकडून भाडं घेत नसे. बाईंनी आपला टॅक्स वाचवला, असं तो मागे दाटीवाटीने बसलेल्यांना अभिमानाने ऐकवी.

दोन वर्षांपूर्वी जयवंतीच्या नवऱ्याने, गोकुळने, ही जीप माघ्याला विकली होती. सौदा तिच्याच स्वयंपाकघरात झाला, तोंडी. माघ्या लगेच कागद नावावर करून घ्यायला निघाला होता. तिनेच त्याला थांबवलं. जुन्या गाड्यांवरचा विक्रीकर उठणार असं पेपरात आलंय, तोवर थांब, म्हणाली. वर्षभराने शाळेतल्या कारकुनाकडून तिला सहज बोलताना कळलं, की तो कर गाड्यांचा धंदा करणाऱ्यांना असतो. घरची गाडी विकली तर त्याचा संबंधच नाही. आधी मोजा, मग लिहा, असं मुलांना शिकवणारी ती, आणि बातमीचा नुसता मथळा वाचून सल्ला देऊन मोकळी झाली होती. उद्या सांगू, असं म्हणत तिने ते पोटात ठेवलं. सांगितलं तर पुढची सीट जाईल, असंही एकदा मनात येऊन गेलं. त्या विचाराची लाज तिला चुकीपेक्षा जास्त वाटली होती.

त्यालाही आता वर्ष झालं होतं.

बाजाराच्या दिवशी माघ्या धुतलेला सदरा घालून दारात आला. मागे त्याची बायको फागी, हातात कागदांची पिशवी. कर उठला म्हणून स्टँडवर सगळे सांगत होते. आता नाव करून द्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं. हप्त्यांचे पैसे तर दिवाळीतच फिटले होते.

गोकुळ खुर्चीतून हलला नाही. नाशिकचा कुणी याच जीपला चांगला भाव देतोय, हे जयवंतीला आदल्या दिवशीच कळलं होतं. ती तेव्हाही काही बोलली नव्हती.

"कसलं नाव?" गोकुळ म्हणाला. "दोन वर्षं भाड्यानं चालवलीस. दिलेस ते भाड्याचे. रविवारी गाडी आणून लाव."

माघ्याला ती थट्टा वाटली. "भाड्याच्या गाडीवर कोण पोरीचं नाव लिहील, भाऊ?"

"कागदावर बघ कुणाचं आहे ते."

माघ्याचं हसू गेलं. उन्हाळ्यात पाड्यांवर पाण्याचे ड्रम याच जीपने जात. तिच्याखेरीज त्याच्यापाशी दुसरं काहीच नव्हतं. फागी मात्र जयवंतीकडे पाहत होती.

"सौद्याला बाई होत्या," ती हळू म्हणाली. "त्यांना विचारा."

"तिला काय आठवतंय," गोकुळ म्हणाला आणि बायकोकडे रोखून पाहू लागला.

जयवंतीने हातातलं ताट खाली ठेवलं.

"गाडी विकली होती," ती म्हणाली. "भाड्याची नव्हती. आणि माघ्या, तो कर तुला लागणारच नव्हता. मला वर्षभर माहीत होतं, मी बोलले नाही. सोमवारी मी रजा टाकते. आपण आरटीओच्या कचेरीत जाऊ. ह्यांनी सही केली नाही, तर साहेबापुढे मी सांगेन."