सरमिसळ ढीग

काटा : वीस ग्रॅम

"मावशी, मशीनला गठ्ठे लावून काय देताय? ढीग तसाच ओता की!"

"ओतायला तो काय पालापाचोळा आहे?"

पार्सलं बांधणारा पैलवान हसला. अंगाने काडी, म्हणून नाव पैलवान. कंपनीच्या टपालखोलीत माणसं दोनच. त्याला इथं नऊ वर्षं झालेली, मावशींना सव्वीस. हलकी पाकिटं डावीकडे, जाड मधे, फुगलेली उजवीकडे. मावशींचा हात पाकीट उचलतानाच ठरवून मोकळा व्हायचा.

नवं मशीन प्रत्येक पाकीट पळता पळता तोलायचं आणि त्यावर वजनाप्रमाणे तिकीट छापायचं. हलकं-जड मिसळून दिलं तरी. त्यासाठीच तर आणलेलं.

काटा : सव्वाशे ग्रॅम

साहेबांनी सकाळी सांगितलं होतं. आजची सहाशे पाकिटं नि चाळीस पार्सलं चारच्या गाडीत चढली तर टपाल इथंच राहील. नाही चढली तर सोमवारपासून बाहेरचा कंत्राटदार, आणि मावशी दुसऱ्या खात्यात. कुठल्या?

"बघू," साहेब म्हणाले होते.

मावशींनी घरी फोन केला. सून म्हणाली, "सुटाल की आई!"

"सुटायला मी काय अडकलेय? ठेव फोन."

काटा : नऊ किलो

तीन वाजले. पार्सलं बांधून झालेली, पण पाकिटं निम्मी बाकी. मशीन रिकामंच घुरघुरतंय. मावशी गठ्ठे लावतायत.

"मशीनचं काम मशीनच्या आधी तुम्हीच उरकताय," पैलवान कळवळला. "गाडी जाईल हो!"

मावशींचा हात हवेतच थांबला. त्यांनी लावलेल्या गठ्ठ्यांकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी ते विस्कटून टाकले.

"अगं आई गं," पैलवान म्हणाला.

"ओरडू नकोस. भर!"

टक टक टक टक. पातळ, जाड, पातळ, लांबोडकं. टक टक… खर्रर्र.

अडकलं. आत किल्ल्यांचा जुडगा असलेलं पाकीट.

"हं," मावशी म्हणाल्या, "एवढं फुगलेलं खातच नाही होय लाडोबा? बरं." फुगलेली पाकिटं तेवढीच त्या चिमटीने उचलून बाजूच्या काट्यावर टाकू लागल्या. बाकी सगळं सरमिसळ, भराभर.

चारला अकरा कमी असताना शेवटची गोणी गाडीत पडली. साहेबांनी दारातूनच अंगठा दाखवला.

"जिंकलो!" पैलवान नाचलाच. "मावशी, राहिलात!"

"मी गेले कुठं होते?"

काटा : शून्य

अकरा मिनिटं. काही करायचं नाही अशी अकरा मिनिटं या खोलीत कधी आलीच नव्हती, म्हणून खुर्चीही नव्हती. पैलवानाने शेजारच्या खात्यातून एक उचलून आणली.

"बसा महाराणी."

मावशी बसल्या. पाठ टेकवली. हात मांडीवर ठेवले. ते थोडा वेळ आपले हलतच राहिले… डावीकडे, मधे, उजवीकडे.